क्लचच्या टीचभर प्रवासात

बैलगाड्यांच्या मैदानात पळणं सगळ्यांना दिसतं. सुटणं मात्र बैलांपुढं उभी असलेली चार-सहा पोरंच नीट पाहतात. झेंडा वर असतो. जुवाखालचे दोन्ही बैल पुढं रेटत असतात, त्यांना पुढून धरणाऱ्यांच्या टाचा मातीत घासत मागं सरकत असतात, आणि छकड्यावर बसलेला गडी, ज्याला आमच्याकडं ड्रायव्हरच म्हणतात, कासरे आवळून झेंड्याकडं बघत असतो. बैलांची सगळी ताकद त्या वेळी जागी झालेली असते, फक्त अडवून धरलेली असते. झेंडा पडला की धरणारे बाजूला उड्या टाकतात. एखाद्याचा हात क्षणभर उशिरा सुटला तर जोडी वाकडी निघते. आधी सुटला तर गाडी बाद होते.

सांगली-साताऱ्याकडच्या या शर्यती समांतर चाकोऱ्यांतून सरळ पळायच्या असतात. वळण नाही, डाव नाही. सुटायचं आणि पोचायचं. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्या बंद झाल्या, 16 डिसेंबर 2021 ला महाराष्ट्रात पुन्हा परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून कवठे महांकाळच्या आसपासची माळरानं परत गजबजली आहेत. मैदानाच्या कडेला मोटारसायकली लावून उभ्या असलेल्या पोरांच्या मोबाईलवर मात्र बैलांच्या व्हिडिओंच्या जोडीला दुसरी एक सरळ शर्यत दिसते, ड्रॅग रेसची. या दोन शर्यती एकाच जातीच्या आहेत, आणि मोटारीत बैल धरणाऱ्या पोरांचं काम जो छोटासा स्विच करतो तो कसा बसवायचा, हे समजून घेण्यासारखं आहे.

ड्रॅग रेस म्हणजे पाव मैल, 402 मीटर, सरळ. अमेरिकेत वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली आणि रस्त्यावरच्या या वेडाला धावपट्टी, नियम आणि घड्याळ दिलं. सुरुवातीला तिथंही झेंडाच होता. 1963 मध्ये झेंड्याची जागा दिव्यांच्या खांबानं घेतली. त्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. एका पद्धतीत तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं एकाखाली एक लागतात आणि मग हिरवा. दुसऱ्या पद्धतीत तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि 0.4 सेकंदानं हिरवा. आपल्याकडं फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया या खेळाचं नियमन करते, आणि महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या ॲम्बी व्हॅलीच्या विमानपट्टीवर ‘व्हॅली रन’ या नावानं अशा शर्यती झाल्या आहेत.

पाव मैलाच्या शर्यतीत पहिल्या 60 फुटांना, म्हणजे जेमतेम 18 मीटरना, फार मान आहे. त्यांची वेळ वेगळी मोजतात. तिथं एक दशांश सेकंद वाचला तर शेवटच्या रेषेवर दीड ते दोन दशांश वाचलेले दिसतात, असा या खेळातल्या लोकांचा ठोकताळा आहे. कारण साधं आहे. सुरुवातीला मिळालेला वेग पुढच्या सगळ्या अंतरभर सोबत राहतो.

आता सुटण्याची अडचण पाहू. गिअरच्या गाडीत सुटताना डावा पाय क्लच सोडतो आणि उजवा रेस देतो. रेस कमी पडली तर इंजिन दबतं, गाडी आचका देते, कधी बंदच पडते. जास्त झाली तर चाकं जागेवर फिरतात, धूर होतो आणि गाडी तिथल्या तिथं. टायरची जमिनीवरची पकड थोड्याशा घसरणीपर्यंत वाढत जाते आणि त्यापुढं झपाट्यानं कमी होते. त्या टोकाच्या अलीकडं राहण्यासाठी क्लच सुटण्याच्या क्षणी इंजिनाचे फेरे ठरावीक आकड्यावर असायला हवेत. दिव्याकडं डोळे, छातीत धडधड, आणि उजव्या पायानं मिनिटाला 4500 फेरे काट्यावर रोखून धरायचे. सराव असलेल्यालाही दर वेळी ते साधत नाही.

लाँच कंट्रोल ही उजव्या पायाची जबाबदारी काढून घेतो. उजवा पाय सरळ तळाशी दाबून ठेवायचा. इंजिनाला जास्तीत जास्त फेऱ्यांची एक मर्यादा मुळातच असते, समजा 7500. लाँच कंट्रोल क्लच दाबलेला असेपर्यंत दुसरी, खालची मर्यादा लावतो, समजा 4500. म्हणून त्याला ‘टू-स्टेप’ असंही म्हणतात. 4500 फेरे म्हणजे सेकंदाला 75. चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला 150 ठिणग्या. फेरे मर्यादेच्या वर सरकायला लागले की इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, यातल्या काही ठिणग्या गाळतो. फेरे खाली आले की परत देतो. सायलेन्सरमधून येणारा तो फट-फट-फट आवाज याचाच. ठिणगी न मिळालेलं पेट्रोल न जळता गरम नळीत जातं आणि तिथं पेटतं. टर्बो असलेल्या गाडीत ठिणगी उशिरानं देण्याची युक्तीही जोडीला वापरतात. त्यामुळं जळणं एक्झॉस्टपर्यंत लांबतं आणि टर्बोचं चाक उभ्या गाडीतच फिरायला लागतं. जुन्या अमेरिकी गाड्यांत ही मर्यादा आगपेटीएवढ्या डब्यात छोटी खुंटी खोचून ठरवायचे. त्या खुंटीला ते ‘पिल’, म्हणजे गोळी, म्हणत. 4000 ची गोळी काढायची, 5000 ची लावायची. आता तोच आकडा लॅपटॉपवरून भरतात.

आणि ‘क्लच दाबलाय’ हे ईसीयूला कोण सांगतं? पेडलजवळचा स्विच. ही काही परदेशी अपूर्वाई नाही. बटणावर सुरू होणाऱ्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरू होत नाहीत, ते याच प्रकारच्या स्विचमुळं. मोटारसायकलच्या क्लचच्या दांडीखाली बोटाच्या पेराएवढा स्विच असतो. बऱ्याच ट्रॅक्टरनाही असतो. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, म्हणजे गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर एकदम उडी मारत नाही.

ट्रॅक्टरचं नाव निघालं म्हणून सांगतो. मी क्लच शिकलो तो द्राक्षबागेत, ब्लोअर जोडलेल्या ट्रॅक्टरवर. त्याला डबल क्लच होता. पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात, पण मागचा पीटीओ, म्हणजे ब्लोअर फिरवणारा दांडा, फिरत राहतो, फवारणी चालूच राहते. पूर्ण दाबलं की पीटीओही थांबतो. एकच पेडल, एकच पाय, पण त्या टीचभर प्रवासात दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी घडतात. ओळीच्या टोकाला वळताना पाय नेमका कुठं थांबवायचा हे माझ्या पायाला कळायला एक अख्खा हंगाम लागला. लाँच कंट्रोलचा स्विच बसवणाऱ्याला हीच गोष्ट पक्की ठाऊक हवी. क्लच म्हणजे चालू-बंदचं बटण नव्हे. त्याला प्रवास आहे, आणि स्विचला त्या प्रवासातली एकच जागा कळते. ती जागा कुठली असावी, यावर सगळं अवलंबून आहे.

वरून खाली जाऊ. पेडल मोकळं असताना पहिले काही मिलिमीटर नुसता प्ले असतो. मग प्रेशर प्लेटचा जोर पायाला जाणवतो. थोडं खाली गेल्यावर क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून सुटते. त्याखालचा प्रवास प्लेट पूर्ण मोकळी असतानाचा. वर येताना हाच क्रम उलटा, आणि जिथं प्लेट पहिल्यांदा पकडते ती जागा म्हणजे पकडबिंदू. हाफ क्लचवर गाडी चढावर धरणाऱ्या प्रत्येकाला ती तळव्यानं ओळखता येते. स्विचनं पलटी मारायची ती इथंच.

समजा स्विच फार खाली, तळाजवळ बसवला. पेडल तळापासून सुटल्याबरोबर ईसीयूला वाटतं क्लच सुटला, आणि तो खालची मर्यादा उठवतो. पण प्लेट अजून पकडलेली नाही. उजवा पाय तळाशी आहे, इंजिनावर भार नाही. मोकळं इंजिन सेकंदाला 6000 फेऱ्यांच्या गतीनं चढत असेल, तर पाय पकडबिंदूपर्यंत यायला लागणाऱ्या दशांश सेकंदात 600 फेरे वाढले. ठरवलं होतं 4500, पकडलं 5100 ला. चाकं फिरली. आणि पाय दर वेळी वेगळ्या वेगानं उठतो, त्यामुळं दर वेळी वेगळा आकडा. ज्या गोष्टीसाठी हा खटाटोप केला तीच हातची गेली.

समजा फार वर बसवला. इथं गोष्ट थोडी नाजूक आहे. क्लचनं पकडलं की भार आल्यानं फेरे आपोआप मर्यादेच्या खाली येतात, त्यामुळं मर्यादा लागू असली तरी लगेच बोचत नाही. पण चाकं जरा घसरली की फेरे परत 4500 ला भिडतात, आणि स्विच अजून ‘दाबलाय’ म्हणत असला तर गाडी ऐन जोरात असताना ठिणग्या गळायला लागतात. गाडी आचके देत निघते. ठिणगी उशिरा देण्याची युक्ती चालू असेल तर जोरही अपुरा मिळतो. शिवाय क्लचवर पाय टेकवून ठेवायची सवय असलेल्याची मर्यादा कधी उठतच नाही. तरीही दोन चुकांतली एक निवडायची झाली तर मी पकडबिंदूच्या किंचित वरची, उशिराची बाजू निवडेन. तिथली चूक गाडी पोटात घेते, खालची घेत नाही.

पकडबिंदू डोळ्यांनी शोधायचा नाही, मोजायचा. सपाट जागेवर गाडी, चाकांना दगड, इंजिन गरम आणि संथ चालू, पहिला गिअर. क्लच इतका हळू सोडायचा की फेऱ्यांचा काटा किंचित खाली बसेल. तिथंच पाय थांबवायचा आणि शेजारच्यानं स्टीलच्या पट्टीनं पेडलच्या तळव्यापासून जमिनीच्या पत्र्यापर्यंतचं अंतर मोजायचं. एकदा नव्हे, पाच-सहा वेळा, आणि चटई काढून. आकडे एकमेकांपासून फार लांब पडत असतील तर आधी क्लच बघायचा: केबल अडकते आहे का, ऑइलमध्ये हवा आहे का. आजारी क्लचवर स्विच बसवून काही मिळत नाही.

मग जागा. बहुतेक जण स्विच पेडलच्या दांडीच्या वरच्या टोकाशी, खिळीजवळ लावतात, कारण तिथं हात पोचतो आणि ब्रॅकेटही सापडतं. पण दांडी म्हणजे तरफ आहे. पायाखाली पेडल 140 मिलिमीटर फिरत असेल तेव्हा खिळीजवळचा भाग 20 मिलिमीटरच फिरतो, सातास एक. प्रत्येक स्विचला चालू होण्याची आणि बंद होण्याची जागा थोडी वेगळी असते. तो फरक एका मिलिमीटरचा असला तर पायाखाली तो सात मिलिमीटर झाला. म्हणून स्विच दांडीवर जितका खाली नेता येईल तितका न्यावा, पायात येणार नाही इतपत. ब्रॅकेट जाड पत्र्याचं हवं, लांब भोकांचं हवं, म्हणजे पुढं-मागं सरकवता येतं. आणि पेडलचा धक्का स्विचच्या दांडीवर कधी बसू द्यायचा नाही. पेडल अडवायला वेगळा बोल्ट लावावा. घाईत डाव्या पायाचा जोर केवढा असतो, हे तुटलेला स्विच हातात आला की कळतं.

ब्रेक लाईटचा स्विच स्पेअर पार्टच्या दुकानात सहज मिळतो आणि चालतोही. त्यात एक खोच आहे. त्याचे पॉइंट दिव्याच्या अँपिअरभर करंटसाठी केलेले असतात. त्या करंटच्या बारीक ठिणगीनंच ते साफ राहतात. ईसीयूच्या वायरमध्ये काही मिलिअँपिअरच असतात. महिने गेले की पॉइंटवर काळसर थर चढतो आणि स्विच कधी बोलतो, कधी गप्प बसतो. छोट्या करंटसाठी केलेला, सोन्याचा मुलामा असलेल्या पॉइंटचा बंद मायक्रोस्विच थोडा महाग पडतो, पण आमच्याकडच्या धुळीत तोच टिकतो. काही जण क्लचच्या ऑइलच्या नळीवर दाबाचा स्विच लावतात. मला तो पटत नाही. डायफ्रॅम स्प्रिंगच्या क्लचमध्ये पेडल खाली जाताना दाब आधी वाढतो आणि मग उतरतो, त्यामुळं एकच दाब प्रवासात दोन ठिकाणी सापडू शकतो.

वायरिंग थोडक्यात होतं. एक वायर ईसीयूच्या इनपुटला, दुसरी ईसीयूच्याच सेन्सर अर्थला. बॉडीच्या कुठल्याही गंजक्या बोल्टला नव्हे. क्लच दाबल्यावर सर्किट जुळेल असा स्विच निवडावा, म्हणजे वायर तुटली तर लाँच कंट्रोल लागणार नाही, पण धावेच्या मध्यावर गाडी खालच्या मर्यादेत अडकणारही नाही. कॉइलच्या वायरींपासून ही वायर लांब ठेवावी. कॉइलचा करंट या स्विचमधून कधीच नेऊ नये. पॉइंट जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात, म्हणून ईसीयूच्या सेटिंगमध्ये तेवढा वेळ दुर्लक्ष करायला सांगावं. मग मल्टिमीटर शिट्टीवर लावून पेडल हळूहळू वर आणायचं आणि शिट्टी थांबते तिथं पट्टी लावायची. मघाचा आकडा आणि हा आकडा जुळला की नट घट्ट.

इतकं झालं आणि गाडी पहिल्यांदा झकास सुटली तरी दुसऱ्या गिअरला हमखास एक गडबड होते. गिअर बदलायला क्लच दाबला की ईसीयू पुन्हा म्हणतो, ‘क्लच दाबलाय, लाव 4500.’ 7000 वर पळणारं इंजिन एकदम खाली ओढलं जातं. स्विच बिचारा खरंच बोलत असतो. गाडी उभी आहे की पळते आहे, हे त्याला कळायला मार्ग नाही. ते ईसीयूला चाकाच्या वेगाच्या सेन्सरकडून कळवावं लागतं. वेग शून्याच्या आसपास, ॲक्सिलरेटर जवळजवळ तळाशी, इंजिन गरम आणि क्लच दाबलेला, या सगळ्या अटी एकत्र जुळल्या तरच लाँचची मर्यादा लागू, असं सांगायचं. वेग असताना क्लच दाबला तर त्याच स्विचचा अर्थ वेगळा: ॲक्सिलरेटर न सोडता गिअर बदलण्यापुरती, वरच्या आकड्यावरची मर्यादा. वेगाचा सेन्सर नसेल तर स्टिअरिंगवर एक बटण ठेवतात. ते दाबून क्लच दाबला तर लाँच तयार. क्लच एकदा सुटला की पुन्हा बटण दाबेपर्यंत काही नाही.

आकडा किती ठेवायचा, हे कागदावर ठरत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या, आणि सुटताना वजन मागं सरकतं, म्हणजे ज्या चाकांना पकड हवी तीच हलकी होतात. अशा गाडीला आकडा कमीच लागतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या आकड्याची सरळ नक्कल केली की नुसता धूर. खालून सुरुवात करावी, इंजिन दबतंय असं वाटलं तर 200-300 फेऱ्यांनी वाढवावं, चाकं फिरली तर निम्म्यानं मागं यावं, आणि दर वेळी 60 फुटांची वेळ लिहून ठेवावी. टायरमधली हवा, पट्टीवरचं ऊन, आधीच्या गाड्यांनी सोडलेलं रबर, सगळं त्या आकड्यात मिसळतं. सकाळचा आकडा दुपारी चालेलच असं नाही.

मर्यादेवर गाडी धरून ठेवायची ती तीन-चार सेकंद, त्याहून जास्त नाही. नळीत जळणारं पेट्रोल एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह आणि टर्बो तापवतं, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो वितळवूही शकतं. क्लच प्लेटचीही तीच गत.

फॉर्म्युला वनमध्ये या सोयीवरून बराच वाद झाला. 1994 च्या हंगामासाठी चालकाला मदत करणारी इलेक्ट्रॉनिक साधनं बंद केली, 2001 मध्ये स्पेनच्या शर्यतीपासून परत आणली, आणि 2004 पासून लाँच कंट्रोल पुन्हा बंद केला. सुटणं हे चालकाचं कसब आहे, यंत्राचं नव्हे, हा तिथला विचार. बैलगाडीचा ड्रायव्हर तो ऐकून मान डोलावेल. ड्रॅगमध्येही दिवा बघून पाय सोडणारा माणूसच असतो. स्विच फक्त त्याच्या उजव्या पायाला मोकळं करतो.

आमच्या गावाजवळून रत्नागिरी-नागपूर महामार्ग जातो. रुंद, गुळगुळीत, रात्री रिकामा. त्यावर हे करून बघायचा मोह मला कळतो आणि त्याची मला भीती वाटते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच रस्त्यावरून पहाटे द्राक्षांचे टेम्पो, ऊसतोडीच्या बैलगाड्या आणि शाळेच्या गाड्या जातात, आणि विमानपट्टीच्या टोकाला असते तशी थांबायची मोकळी जागा तिथं नसते. स्विच बसवून झाल्यावर त्याची परीक्षा घ्यायची ती बंद पट्टीवर, हेल्मेट घालून, वेळ मोजणारं कुणी असेल तेव्हाच.

पट्टीवर गेलात तरी पाना आणि स्टीलची पट्टी खिशात असू द्या. तिसऱ्या-चौथ्या धावेनंतर क्लच तापतो आणि पकडबिंदू हलतो. केबलच्या क्लचमध्ये प्लेट झिजली की प्ले कमी होतो आणि पकडायची जागा वर सरकते. सकाळी जुळवलेला स्विच मग पकडबिंदूच्या खाली राहिलेला असतो, आणि गाडी सकाळी सुटत होती तशी का सुटत नाही, म्हणून लोक लॅपटॉप उघडून बसतात. आधी पेडलखाली पट्टी लावा. पाच मिलिमीटरचा फरक सापडला तर ब्रॅकेटचा नट सैल करा, स्विच तेवढा वर सरकवा, मल्टिमीटरची शिट्टी पुन्हा ऐका, नट आवळा आणि रांगेत जाऊन उभे राहा.